मंदाकिनीचा चेहरा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. सीझनला बारा-बारा तास टाइमलाइनसमोर जातात. शॉट दोन सेकंदांपुढे गेला की हात आपसूक कट मारतो. लोक कंटाळतील, ही भीती बोटांत मुरलेली.

ती सैल केली ‘कालिया मर्दन’नं. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली इथं नाशकात केलेला मूकपट. सुरुवातीला कृष्ण नाहीच. दिसते फाळक्यांची सातेक वर्षांची लेक मंदाकिनी, घरच्या साध्या वेशात. नुसता चेहरा. त्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. एक भाव मावळून दुसरा उगवतो, तेवढ्यात चेहरा क्षणभर कोरा होतो. मी असतो तर आधी तीच जागा उडवली असती. फाळक्यांनी ती ठेवली, म्हणून पोर आपल्यादेखत नटी होते.

मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा साज चढतो. हा डिझॉल्व्ह मला आज माऊसच्या एका ओढीत मिळतो. तेव्हा बहुधा कॅमेऱ्यातच करावा लागे: उजेड हळूहळू मिटवायचा, फिल्म मोजून मागं फिरवायची, तिच्यावरच दुसरं चित्र घ्यायचं. मोजणी चुकली की दोन्ही वाया.

जुने सिनेमे संथ, असं म्हणणाऱ्यांनी पुढचा डोहाचा प्रसंग बघावा. पाण्यात कृष्ण कालियाशी झुंजतोय आणि मधेमधे काठावरची हवालदिल माणसं. कट कुठं मारायचा हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मंदाकिनीवर तो थांबला.

गेल्या वैशाखात एका पाठवणीचं फुटेज आलं. गाडी निघून गेल्यावर नवरीची आई रिकाम्या मांडवात उभी. रडत नव्हती, हातातली अक्षतांची वाटी नुसती धरून होती. तो शॉट मी अकरा सेकंद ठेवला. संगीतही काढून टाकलं.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. सुटीला आपण पोरांना घेऊन जातो, बाग बघून परततो. फाळक्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट केले, त्यातले मोजकेच उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. ‘कालिया मर्दन’ त्यातल्या त्यात बराच शाबूत आहे. उरलेला भाग तासाभराच्या आत संपतो. घरी एकदा पोरांना शेजारी बसवून लावा, आणि मंदाकिनीचा चेहरा पुढं ढकलू नका.