काचेची कड

पिरमासेन्स, जर्मनी

ती. बाबा,


हे डोंगराळ गाव एके काळी जर्मनीचं बुटांचं गाव होतं. राइनबर्गरच्या जुन्या बूट कारखान्यात आता मुलांसाठी विज्ञानाचं संग्रहालय आहे. बूट म्हटला की तळ चिकटवणं आलंच. इथली क्योमर्लिंग ही कंपनी 1897 सालची, बुटांच्या धंद्याला लागणारा माल बनवत वाढलेली. पुढे तिनं खिडक्यांच्या दुहेरी काचा जोडणारी रसायनं करायला घेतली. बुटांचे कारखाने एकेक करून बंद पडले, पण चिकटवण्याची विद्या गावानं सोडली नाही. मला याचं फार अप्रूप वाटलं.

उद्या प्रत्यक्ष काचांच्या कारखान्यात जाणार आहे. आईला सांगा, थंडी आहे पण कानटोपी घालते.

—

कार्ल्सरूहेजवळून

ती. बाबा,

दोन काचा एकमेकींना चिकटवण्यात शिकण्यासारखं एवढं काय, असं तुम्ही निघताना विचारलं होतंत. आज उत्तर देता येईल, म्हणून हे पत्र लांबणार.

आपल्याकडे तावदान चौकटीत बसवून लांबी भरली की काम झालं. इथे एकेरी काचेतून घराची ऊब सरळ बाहेर जाते. तेलसंकटानंतर 1977 मध्ये जर्मनीनं इमारतींच्या उष्णतेसाठी नियम केले आणि दुहेरी काच सर्रास झाली. कल्पना जुनीच आहे; न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेट्सननं तिचं पेटंट 1865 मध्येच घेतलं होतं. अडचण कडेची होती. दोन काचांमधली पोकळी वर्षानुवर्षं कोरडी ठेवायची कशी? गाडीच्या वातानुकूलित डब्यात दोन काचांच्या आत धुकं धरलेली खिडकी तुम्ही पाहिली असेल. ती बाहेरून कितीही पुसा, उजळत नाही, कारण तिची कड फुटलेली असते.

कारखान्यात काच उभीच चालते, किंचित मागे रेललेली. आधी तिची कड खरवडतात. उष्णता अडवणारा चांदीचा अतिसूक्ष्म थर काचेवर असतो आणि कडेला तो राहिला तर गोंद काचेला न धरता त्या थराला धरतो. मग थर सुटतो आणि गोंदही त्याच्याबरोबर जातो. त्यानंतर क्षार काढलेल्या पाण्यानं धुणं. इथून पुढे काचेला हात लावायचा नाही, कारण बोटाचा तेलकट ठसासुद्धा जोड बिघडवतो.

दोन काचांमध्ये पोकळ पट्टीची चौकट बसते. पट्टीत पाणी शोषणारे दाणे भरलेले असतात. त्यांची छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची, म्हणजे पाण्याचा रेणू आत शिरेल पण नायट्रोजन आणि आरगॉन बाहेरच राहतील अशी. चौकटीच्या दोन्ही बाजूंना गरम ब्यूटाइल रबराची बारीक दोरी अखंड ओतली जाते. मग दुसरी काच येते, मधली हवा काढून आरगॉन भरतात आणि यंत्र दोन्ही काचा दाबतं. आरगॉनमधून उष्णता हवेपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी वाहते.

ब्यूटाइल वाफेला आणि वायूला अडवतं, पण कायम मऊ राहतं. काचांचं वजन त्याच्यानं पेलवत नाही. म्हणून बाहेरच्या खाचेत पॉलिसल्फाइड भरतात, म्हणजे पांढऱ्या लगद्याचे दहा भाग आणि काळ्याचा एक. ते घट्ट होऊन काचा धरून ठेवतं. वाफ अडवण्यात मात्र ते ब्यूटाइलच्या जवळपासही येत नाही. त्यामुळे दोघांपैकी एकाला वगळून चालत नाही. काचा धरून ठेवण्याचं आणि वाफ अडवण्याचं हे काम रोज चालू राहतं. ऊन चढलं की आतला वायू फुगतो, रात्री आकसतो आणि तो सगळा ताण त्या काही मिलिमीटरच्या काळ्या रेघेवर येतो. युरोपीय मानकाप्रमाणे वर्षाला एक टक्क्याहून कमी वायू गळला पाहिजे. त्यासाठीच यंत्र हवं. हातानं भरताना कोपऱ्यावर हात थबकतो, तिथे बुडबुडा राहतो आणि ओल तिथूनच आत शिरते. यंत्राचं तोंड खाचेची खोली मोजत पुढे सरकतं आणि खोली बदलली की मालाचा ओघही बदलतं.

एवढं यंत्र असूनही पाळी सुरू होताना एक बाई कागदावर मिश्रणाचा गोळा ठेवते, कागद मिटते, दाबते, उघडते. पांढरी रेघ दिसली तर मिश्रण नीट झालेलं नाही, यंत्र थांबवायचं. दुसरी परीक्षा आणखी सुंदर. काचेवर वाळलेली पट्टी बोटांनी ओढायची. ती काचेवरून सबंध सुटून आली तर नापास. पट्टी मधूनच फाटली आणि काचेवर काळा थर राहिला तर पास. तिनं मला ओढायला दिली. माझी बोटं दुखली, पट्टी फाटली, काच काळीच राहिली. ती समाधानानं मान हलवून कामाला लागली. ज्याची खिडकी होणार त्या माणसाला ही बाई कधी दिसणार नाही, पण त्याच्या घराची ऊब तिच्या या सकाळच्या परीक्षेवर उभी आहे. तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

—

झायटनश्टेटन, ऑस्ट्रिया

ती. बाबा,

इथे 1112 सालचा बेनेडिक्टाइन मठ आहे, आजूबाजूला नासपतीच्या बागा, आणि त्यांच्या शेजारी लिसेक, 1961 पासूनची, काचयंत्रं बनवणारी कंपनी.

एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवला होता. मुंबईत बंद केलेली दुहेरी काच महाबळेश्वरला, 1,350 मीटर वर नेली तर? आतला दाब मुंबईचाच, बाहेरचा बराच उतरलेला. काचा बाहेर फुगतात. आल्प्सच्या घाटांत हे नेहमीचं आहे. अशा काचांच्या कडेत केसासारखी बारीक नळी ठेवतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर ती बंद करतात. मोठी काच वाकून ताण सोसते. लहान काच ताठ, वाकत नाही, म्हणून तिच्या कडेवर भार जास्त. महाबळेश्वरच्या बंगल्यासाठी कुणी लहान खिडक्या मागितल्या तर आपण ही नळी आधीच मागून घेऊ.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू