तात्पुरतं घर

डिसेंबर, वेल्स. चारलाच काळोख पडला. हे इथे शिकाऊ डॉक्टर; आज ह्यांची रात्रपाळी आहे. उद्या दिवसा ते झोपतील, म्हणून लेकीला घेऊन मी वाचनालयात जाईन. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांची मोठी बदली ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी होते. त्यामुळे कुकर, मिसळणाचा डबा आणि पुस्तकं एवढंच आपलं, बाकी सामान घरमालकाचं. हे काम करतात ती राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली सुरू करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन इथल्याच ट्रेडेगरचा, पूर्वीचा खाणकामगार. पुढे याच खाणवस्त्यांतले दवाखाने कितीतरी भारतीय डॉक्टरांनी सांभाळले. म्हातारे पेशंट अजून त्यांची आठवण काढतात, म्हणे. ऐकून बरं वाटतं. पण डॉक्टरच्या नोकरीमागे घरातल्या कुणाचीतरी थांबलेली नोकरी असते. माझी बँकेतली बिनपगारी रजा त्यातलीच. परदेशी निघणाऱ्यांनो, पगाराचे पौंड मोजण्याआधी हाही हिशेब दोघांनी बसून मांडा.