घंटेविना नाताळ

पंचवटीत नारोशंकराच्या देवळाच्या तटावर गोदावरीकडे तोंड करून एक अजस्र घंटा टांगलेली आहे. महापुराचं पाणी तिला लागलं की किती गाव बुडालं असेल, हे जुन्या नाशिककराला सांगावं लागत नाही. घंटेवर साल आहे 1721, आणि देऊळ बांधलं 1747 साली. देवळाहून थोरली असलेली ही घंटा आली वसईच्या पोर्तुगीज चर्चमधून. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाट चढून देशावर आल्या.

त्या विजयाचा मला अभिमान आहे. फिरंग्यांच्या अमलात उत्तर कोकणातली देवळं पडली, माणसं बाटवली गेली. वसईच्या तटाखाली मराठ्यांची किती घरं उजाड झाली! तरीही डिसेंबरात नाशिकच्या शरणपूरकडच्या ख्रिस्ती घरांवर चांदण्या लागल्या की माझं मन 1739 च्या नाताळात जातं.

वसईच्या किल्ल्यावर मराठ्यांचं निशाण. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा तहाने दिलेली, पण गोरे पाद्री फौजेबरोबर निघून गेलेले. अशा वेळी वाडीतल्या एखाद्या आईने काय केलं असेल? जन्मभर मध्यरात्रीच्या घंटेवर उठलेली ती बाई. मला वाटतं, तिने त्या रात्री घंटेची वाट पाहिलीच नसेल. पोरांना हलवून जागं केलं असेल, पदराआड दिवा धरून वाटेवरच्या क्रुसापाशी नेलं असेल, आणि दूरवर चौकीतला खोकला ऐकू आल्यावर प्रार्थना जरा हळू म्हटली असेल. ती चौकी आपली होती, हे मला बोचतं.

येशूचा जन्मही परक्या अमलातलाच. रोमन कैसराच्या शिरगणतीसाठी मरियेला अवघडलेल्या दिवसांत बेथलेहेमची वाट धरावी लागली. ते गाव ज्या वेस्ट बँकेत आहे, ती 1967 पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. 2023 च्या नाताळात गाझातल्या युद्धामुळे बेथलेहेमच्या चौकात झाड उभं राहिलं नाही, दिवे लागले नाहीत. एका लुथरन चर्चने बाळ येशूला गव्हाणीऐवजी फुटक्या काँक्रीटच्या ढिगाऱ्यात निजवलं. प्रार्थना मात्र चुकली नाही.

वसईतही ती चुकली नाही. गोऱ्यांच्या जागी देशी पाद्री उभे राहिले. सामवेदी, वाडवळी बोलणारी ती माणसं ख्रिस्ती राहिली आणि मराठीही राहिली. त्यांच्यातलेच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी अख्खं बायबल ‘सुबोध बायबल’ म्हणून मराठीत आणलं, आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनात अवघ्या मराठी मुलखाने त्यांना अध्यक्षपदावर बसवलं.