बेल्व्हेडियरच्या आवारात

आज कोलकात्यात अलीपूरला राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. समोर प्राणिसंग्रहालयापाशी ही झुंबड, आणि इकडच्या फाटकाशी सामसूम. ग्रंथालयाच्या आवारातली बेल्व्हेडियरची ती ऐसपैस कोठी पाहिली की गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातला फिलिप फ्रान्सिस आठवतात. १७८० साली या दोघा साहेबांनी एकमेकांवर पिस्तुलं झाडली ती इथंच जवळपास. २०१० मध्ये कोठीत एक बिनदाराची खोली सापडली, तेव्हा खजिन्याच्या वावड्या उठल्या. निघाली नुसती माती.

व्हाइसरॉय कर्झनने १९०३ मध्ये उघडलेली इम्पीरियल लायब्ररी १९४८ साली राष्ट्रीय झाली आणि १९५३ मध्ये मौलाना आझादांच्या हस्ते इथं सगळ्यांसाठी खुली झाली. वाचनकक्ष आता शेजारच्या भाषा भवनात आहेत. पिशवी जमा करायची, चिठ्ठी भरायची आणि बसायचं वाट बघत. मला ही वाट बघणं आवडतं. कपाटात हात घालता येत नाही म्हणून चिडणारे चिडोत.

मी मराठी विभागाकडे वळलो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत इथं धाडायची असते. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीलाही. म्हणून तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून निघालेलं पुस्तक हुगळीकाठी पोचतं. निदान पोचायला हवं. आपले सगळेच प्रकाशक ते इमानेइतबारे पाठवत असतील, यावर माझा काही विश्वास बसत नाही.