हृदय नवं, हाडं मात्र आपलीच!

हार्ट ट्रान्सप्लांट म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? ग्रीन कॉरिडॉर, सुसाट निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला डॉक्टरांच्या टीमचा हसरा फोटो. त्यानंतर काय होतं, त्याचा फोटो कुणी छापत नाही. त्यानंतर असतात गोळ्यांचे डबे, ब्लड रिपोर्ट्सची जाडजूड फाइल आणि... हाडं. हो, हाडंच!

मला हे कळलं माझ्या मामामुळे. एक जिना चढताना धापा टाकणारा हा माणूस ट्रान्सप्लांटनंतर दोनेक महिन्यांत बिल्डिंगखाली चकरा मारायला लागला. टूडी एको मस्त, बायॉप्सी क्लीन. घरात सगळे जाम खूश. पाचव्या महिन्यात बादली उचलताना त्याच्या पाठीत कळ आली. ‘उसण भरली असेल,’ मामी म्हणाली. शेक झाला, मलम झालं, दुखणं काही हलेना. एक्स-रे काढला तर मणका दबलेला. फ्रॅक्चर! ना पडला, ना धडपडला. वय अवघं ४८.

मी पडले पत्रकार. प्रश्न विचारणं हाच धंदा. डॉक्टरांना गाठलं, थोडं वाचलं. फंडा साधा आहे. हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे. ते सतत थोडं मोडलं जातं आणि नव्याने बांधलं जातं. नवं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून इम्युनिटीला आवर घालणारी औषधं लागतातच. त्यातलं स्टिरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींना गप्प बसवतं आणि आतड्यातून कॅल्शियमही कमी शोषलं जातं. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमससारखी औषधं झिजेला हातभार लावू शकतात. त्यात ऑपरेशनआधी कित्येक महिने पेशंट घरातच. ऊन नाही, चालणं नाही. म्हणजे हाडांचा बॅलन्स आधीच खाली आलेला! झीज सगळ्यात जोरात होते ती पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत.

याची चाहूल रक्तात लागू शकते. ऑस्टिओकॅल्सिन हा बांधकामाचा मार्कर, सीटीएक्स हा मोडतोडीचा. ट्रान्सप्लांटनंतर सुरुवातीला पहिला घटलेला आणि दुसरा वाढलेला दिसतो. जमा कमी, खर्च जास्त! हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये फरक दिसायला बऱ्याचदा वर्ष जातं. मार्कर काही आठवड्यांत हलतात. पण ते जादूचे आकडे नाहीत. सीटीएक्ससाठी रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं, कारण नाश्ता केला की आकडा उतरतो. किडनी कमजोर असेल तर तो फुगतो. त्यामुळे मार्कर, व्हिटॅमिन डी आणि डेक्साचा टी-स्कोअर हे सगळं एकत्र वाचायचं. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

‘मग ते स्टिरॉइड बंदच करतो ना!’ मामा वैतागून म्हणाला. नाही करता येत. हाड वाचवायला जावं आणि हृदय गमवावं, असं व्हायचं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू. आता त्याला कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची ड्रिप आणि फिजिओथेरपी चालू आहे. दुखणं कमी झालंय. उंची मात्र दोन सेंटिमीटरने घटली, ती परत येणार नाही.

१९६८ साली आपल्या मुंबईत, केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हार्ट ट्रान्सप्लांट केलं, तेव्हा पेशंट काही तासच जगला. भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं ते ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या टीमच्या हातून. तेव्हा प्रश्न होता, पेशंट जगेल का? आज अनेक जण दहा वर्षांहून जास्त जगतात. मग ती वर्षं ताठ पाठीने जगायला नकोत?

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या ओळखीत कुणी वेटिंग लिस्टवर असेल तर हृदयाची चौकशी जरूर करा. पण जाता जाता ‘डेक्सा झाला का? व्हिटॅमिन डी किती?’ हेही विचारा. आणि हो, बादली तुम्हीच उचला!