वेखंडाचा वास

आमच्या पुण्याच्या घरात एक कपाट आहे, त्याला वेखंडाचा वास येतो. बायको म्हणते, बाळंतिणीच्या खोलीसारखा. आत मात्र जुन्या लुगड्यांच्या फडक्यांत बांधलेली गाठोडी आहेत, आणि गाठोड्यांत चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरांची मॅन्युअलं, सर्किटच्या झेरॉक्स, हातानं लिहिलेल्या वह्या, कॅसेटी. मोडी कागद रुमालात बांधून ठेवतात हे माहीत असलेला एक मित्र ती गाठोडी पाहून म्हणाला, "तुझं पेशवे दप्तरच आहे की हे!" मी हसलो. ही अक्कल माझी नव्हे, एवढं मात्र तेव्हा सांगायचं राहून गेलं.

१९८५ साली मी आठवीत होतो. केंद्र सरकारनं त्याच सुमारास 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला होता. देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांना कॉम्प्युटर द्यायचे होते आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावच्या शाळेचं नाव त्यात कसं लागलं, ते देव जाणे. खोकी आली. आतून निघाले दोन बीबीसी मायक्रो. मळकट बदामी रंगाची पेटी, तिच्यातच कीबोर्ड आणि वरच्या ओळीत कुंकवासारख्या लाल बटणांची रांग. त्या खोलीला नवा पडदा लागला, दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. शिपाईमामांनी पहिल्या दिवशी दोन्ही यंत्रांना हळदकुंकू वाहिलं. त्यातली चिमूटभर हळद एका कीबोर्डच्या फटीत गेली ती कायमची.

शिकवायचं काम गणिताच्या सरांकडे आलं. दहा दिवसांचं ट्रेनिंग करून परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत तारेच्या वेटोळ्याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते म्हणाले, "पोरांनो, मला यातलं तुमच्यापेक्षा दहा दिवस जास्त येतं. बस्स."

सरांना त्या यंत्राबद्दल एकच तक्रार होती : त्याला मराठी आकडे येत नाहीत. पण पुस्तकात खोल कुठेतरी त्यांना एक आज्ञा सापडली होती, व्हीडीयू २३. आठ आडवी, आठ उभी अशी चौकट घ्यायची, हवी ती घरं रंगवायची, प्रत्येक ओळीची बेरीज करायची आणि त्या आठ बेरजा यंत्राला सांगायच्या. की ते अक्षर तुमचं. उजवीकडून घरांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुपटीनं चढत १२८ पर्यंत जातात. सरांनी आलेखाचा कागद फळ्यावर चिकटवला आणि आमच्याकडून मराठी शून्य काढून घेतलं. पहिली ओळ कोरी, ०. दुसरीत मधली चार घरं, ६०. मग दोन्ही कडा दोन-दोन घरांच्या जाड : ६४ आणि ३२ आणि ४ आणि २, म्हणजे १०२. असं तीनदा. पुन्हा ६०, पुन्हा दोन कोऱ्या ओळी. ०, ६०, १०२, १०२, १०२, ६०, ०, ०. हे आठ आकडे मला माझ्या मोबाइल नंबरापेक्षा पक्के पाठ आहेत. एंटर दाबल्यावर पडद्यावर आपलं शून्य उमटलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. द्विमान पद्धत शिकवली जातेय हे कुणी आम्हाला सांगितलंही नाही.

त्या आकड्यांवर सरांनी पाढ्यांचा प्रोग्रॅम रचला. साधे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी. प्रश्न रोमन लिपीतल्या मराठीत, आकडे देवनागरीत. चुकलं की यंत्र बारीक ओरडायचं. हा प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरवर, गाण्याच्या कॅसेटीवर भरून ठेवायचा. टेपरेकॉर्डर सरांच्या घरचा होता आणि कॅसेटीही. त्या घरून आणलेल्या कॅसेटींबद्दल आम्हा पोरांना काय कळणार!

मी पुढे पुण्यात हार्डवेअर मेंटेनन्सच्या धंद्यात पडलो. बँका-पतपेढ्यांची यंत्रं सांभाळायची, बंद पडली की बॅग घेऊन धावायचं. माणसं जुनी यंत्रं टाकून देतात आणि मला ती टाकवत नाहीत, हे दोन-तीन वर्षांत लक्षात आलं. बुधवारातली तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बुधवार-रविवारचा जुना बाजार अशी माझी वारी सुरू झाली. माळा भरला, मग गॅलरी भरली. संग्राहक हा शब्द मी स्वतःला तेव्हा फार ऐटीत लावायचो. प्रत्यक्षात मी पेट्या गोळा करत होतो.

२००४ साली शाळेनं खोली रिकामी करायला काढली. मला निरोप आला, मी मारुती व्हॅन घेऊन गेलो. दोन्ही बीबीसी मायक्रो अडगळीत होते. एक फुटलेला, दुसरा धड, कीबोर्डच्या फटीत हळद असलेला. तो मी मांडीवर घेतला, म्हटलं तरी चालेल. शेजारी कागदांची दोन पोती होती. कारकून म्हणाले, "हीपण न्या की." मी म्हणालो, "कागद काय करायचेत? नेटवर सगळं मिळतं." हे वाक्य मी उच्चारलं होतं. नाकारायची सोय नाही, कारकुनांना ते शब्दशः आठवतं.

घरी आणून यंत्र लावलं, नुसतं लावलं. वीस वर्षांच्या आसपासचा पॉवर सप्लाय उघडून न बघता सरळ प्लग खोचला. माझ्या धंद्यातल्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. पाच मिनिटांत फाट्‌ असा आवाज झाला आणि पांढरा धूर आला. मेन्सवरचा कागदी कपॅसिटर. वरचं पारदर्शक कवच वयानं तडकतं, भेगांतून दमट हवा आत शिरते आणि वीज मिळाली की फुटतो. बदलायला वीस रुपये लागले. पडदे तीनदा धुवावे लागले. नवा बसवल्यावर यंत्र चालू झालं, पण नीट झालं नाही. बीबीसी मायक्रो सुरू होताना आधी एक खालचा सूर लावतो, मग लगेच वरचा. पहिला सूर आवाजाची चिप आपोआप लावते. प्रोसेसर जागा झाला की तो तिला गप्प करतो आणि दुसरा वाजवतो. माझ्या यंत्राचा पहिला सूर थांबेचना. म्हणजे प्रोसेसर उठतच नव्हता. नेटवरची मॅन्युअलं वाचली, भागामागून भाग तपासला. शेवटी कंटाळून काचेच्या कपाटात ठेवून दिलं. बारा वर्षं ते शोभेचं होतं.

२०१६ च्या पावसाळ्यात सर गेले. मी दहाव्यानंतर भेटायला गेलो. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या सरांचं सामान आहे माडीवर. तुलाच द्यायचं म्हणून होते हे."

ट्रंक उघडली आणि वेखंडाचा वास आला. कडुलिंबाचा वाळलेला पाला, तळाला वर्तमानपत्रं, वर नऊवारीच्या फडक्यांत गाठोडी. प्रत्येक गाठीत चिठ्ठी. एक सोडलं तर तारेच्या वेटोळ्याचं तेच पुस्तक. तारेचा गंज कागदाला लागू नये म्हणून मध्ये मेणकागद घातलेला.

"हे शाळेतले कागद?" मी विचारलं. "ते तर रद्दीत गेले ना?"

"गेलेच होते. तू गाडी घेऊन गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सायकलवरून भंगारवाल्याकडे गेले. रद्दीच्या भावानं दोन्ही पोती सोडवून आणली."

"मला कधी बोलले नाहीत."

"काय बोलणार? तुला लागले की मागशील म्हणायचे."

बारा वर्षांत मी चार-पाच वेळा तरी त्या घरी जेवलो होतो. वरच्या माडीवर माझंच सामान दर पावसाळ्यानंतर उन्हात घातलं जात होतं, पाला बदलला जात होता, कसर लागली का बघितलं जात होतं. हे सगळं सर करत नसत. सरांना दम्याचा त्रास होता, धूळ चालायची नाही. इंग्रजीचं अक्षर न वाचणाऱ्या काकूंनी ब्रिटिश कॉम्प्युटरचं दप्तर सांभाळलं होतं.

गाठोड्यात एक दोनशे पानी वही होती. यंत्राच्या दुखण्यांची नोंदवही. तारीख, लक्षण, उपाय. ऑगस्ट १९८७ ची नोंद : "एकच सूर, थांबत नाही. आयसी ५१ चे पाय काळे पडले. पावसाळी हवा. चिप काढून पाय खोडरबराने पुसले, पुन्हा बसवली. सुरू." पुढच्या पावसाळ्यात तीच नोंद. त्याच्या पुढच्यातही.

आयसी ५१ म्हणजे यंत्राची मूळ आज्ञावली असलेली रॉम. घरी येऊन 'फिक्स' असं कोरलेले पेटीचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं. चिप पट्टीनं हलकेच उचकटली. मी ती मीटरनं तपासली होती, बाहेर काढली मात्र नव्हती. अठ्ठावीस पाय, शाईत बुडवल्यासारखे. मुलीचं खोडरबर घेतलं. बसवून बटण दाबलं, खालचा सूर, वरचा सूर, आणि पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के'. यंत्राचं मॅन्युअल जगात कुठूनही मिळेल. आमच्या गावच्या पावसात त्या यंत्राला काय होतं, हे त्या एकाच वहीत होतं.

त्यानंतर मी माणसात आलो म्हणायचं. कागद आधी, पेटी नंतर. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, पानं सपाट करायची, स्कॅन करायची. मार्जिनमधलं पेन्सिलीचं लिखाण पुसून 'स्वच्छ' प्रत करायची नाही. अमेरिकेत अल कोसो नावाचे गृहस्थ 'बिटसेव्हर्स' या संग्रहातून जुन्या यंत्रांचे कागद वर्षानुवर्षं असे जपत आलेत; त्यांच्यासारखी शिस्त मला जन्मात जमणार नाही, पण फाइलींना तारखेसकट नावं देणं तरी त्यांच्याकडून उचललं.

कॅसेटीही फाइलींत उतरवल्या. टेपचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, त्यातला प्रोग्रॅम तेवढा वेगळा काढायचा, मधली खरखर छाटून टाकायची. छान आटोपशीर फाइल होते. मूळ आवाज मी पुसून टाकले. जागा उगाच अडते.

२०१७ च्या विज्ञान दिनाला गावच्या वाचनालयात प्रदर्शन मांडलं. सहा यंत्रं, सगळी चालू, वर पाटी : 'हात लावा.' पोरांनी पडद्यावर बोटं फिरवून पाहिली. ३२ के म्हणजे किती हे ऐकून एक मुलगी फिस्सकन हसली. मग तिला सांगितलं की या यंत्रामागच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एआरएम प्रोसेसर आखला, आणि तुझ्या बाबांच्या फोनमध्ये त्याचाच वंश आहे. तिनं यंत्राकडं जरा आदरानं पाहिलं. फेटेवाले एक आजोबा अडीचकीला बसले आणि यंत्र प्रश्न पुरा करायच्या आत उत्तरं देऊ लागले. त्यांना उठवता उठवता नाकी नऊ आले.

प्रोग्रॅम मी मुद्दाम खऱ्या कॅसेटीवरून लावत होतो. ती किर्र किंचाळी ऐकल्याशिवाय त्या काळाची मजा नाही. काकू खुर्चीत बसून होत्या. यंत्राकडं त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. किंचाळी सुरू झाली तशा म्हणाल्या, "ही निळी कॅसेट का रे?"

"हो. पाढ्यांची."

"हिच्यावर माझ्या आईच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या. भावानं भरून दिल्या होत्या." मग जरा थांबून, "घाईत ह्यांच्या हाताला हीच लागली. नंतर दहा नव्या कॅसेटी आणून दिल्या मला. कोऱ्या."

त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या कामाबद्दल मी कौतुकानं बोलायचो. आणि माझं ते लाडकं शून्य, ती अडीचकी, मी ज्या धंद्यावर पोट भरलं त्याची सगळी सुरुवात एका ओवीवर भरलेली होती. ती कॅसेट नंतर तीस वर्षं फडक्यात बांधून ज्यांनी जपली, त्यांचंच ते नुकसान होतं.

रात्री वही काढली. सरांनी टेपच्या काउंटरचे आकडे लिहून ठेवले होते : पाढे ०१० ते ०४४, दिडकी ०४५ ते ०७८, अडीचकी ०७९ ते १११. सगळं एकाला एक लागून. मग एक ओळ : "११२ ते ११८ फीत मुडपली आहे. वापरू नये." त्यापुढे औटकी, ११९ पासून.

मुडपलेल्या फितीवर प्रोग्रॅम टिकत नाही म्हणून सरांनी तेवढी जागा पुढे सरकवून सोडली होती. सोडलेल्या जागेवर नवं काही भरलं जात नाही. जुनं असतं ते राहतं. माझ्या आटोपशीर फाइलीत ही जागा खरखर म्हणून छाटली गेली होती. कॅसेट तेवढी शिल्लक होती.

अकरा सेकंद निघाले. जात्याची घरघर, वर-खाली होणारा एक बाईचा सूर, एका ओवीचं शेपूट, त्यातले शब्द फितीच्या सुरकुत्यांत बुडालेले. आणि ठराविक अंतरानं एक ठक्‌ असा आवाज. तो बहुतेक रेकॉर्डरच्या चाकाचा असावा असं धरून मी एक प्रत तो काढून टाकून केली, एक तशीच ठेवली. आता एवढं शहाणपण आलं होतं.

पुढच्या रविवारी गावी गेलो. काकूंच्या कानाला हेडफोन लावला. साफ केलेली प्रत ऐकून त्या काहीच बोलल्या नाहीत. मग मूळची लावली. त्यांनी डोळे मिटले, हात मांडीवर एकदा गोल फिरला. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावली.

"खुंटा सैल झालाय," त्या म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं होतं आईला, ठोकून घे म्हणून."