फिटणे आणि खचणे

काशीच्या शिंदे घाटाच्या पायथ्याशी, मणिकर्णिकेला लागूनच, रत्नेश्वर महादेवाचे मंदिर एका अंगाला कलून उभे आहे. वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा गंगेच्या पाण्याखाली असतो. कल सुमारे ९ अंशांचा सांगतात. पिसाच्या मनोऱ्याचा आज ४ अंशांच्या आसपास आहे. त्या मनोऱ्याच्या चालीवर वाटाडे याला ‘लीनिंग टेंपल’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, सैल मात्र आहे. माणूस भिंतीला रेलतो तेही ‘लीन’च, त्या क्रियापदात आधाराची अपेक्षा दडलेली असते. ‘टिल्ट’ नुसता कोन सांगतो, ‘सिंक’ म्हणजे खाली जाणे, आणि ‘सब्साइड’ हा जमिनीचा स्वभाव. मराठीचे काम येथे दोन क्रियापदांत भागते : मंदिर कलले, पाया खचला. मराठीत मनही खचते, ही गोष्ट वेगळी.

मंदिराविषयी दोन आख्यायिका आहेत. अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नामक दासीची कथा शापाची, म्हणून ठरावीक. दुसरी अधिक मार्मिक. राजा मानसिंहाच्या एका सेवकाने आईसाठी मंदिर बांधले, आणि आपण मातृऋणातून मुक्त झालो असे तो म्हणताच ते कलले. इतिहासाचा आधार दोहोंनाही नाही.

हे ‘मातृऋण’ इंग्रजीत शिरताना ‘मदर्स डेट’ होते, आणि तेथे घात होतो. इंग्रजी कानाला याचा पहिला अर्थ आईने करून ठेवलेले कर्ज असा लागतो. म्हातारी कोणाचे तरी देणे लागत होती, सुपुत्राने ते चुकते केले. मग मंदिराने कलावे कशासाठी? श्रोता सौजन्याने मान डोलावतो, पण कथेतील प्राण गेलेला असतो.

‘डेट’ला रक्कम असते, मुदत असते. ‘ड्यू’ म्हणजे ज्याचे त्याला मिळावे असे जे काही. त्यात मानही येतो. ‘ड्यूटी’ त्याच लॅटिन धातूची लेक, पण ती देणाऱ्याच्या बाजूने बोलते. ऋणाच्या सर्वांत जवळ ‘ऑब्लिगेशन’ जाते, कारण त्याच्या मुळाशी बांधणे आहे. आपला ऋणानुबंध आठवावा. तरीही त्या शब्दाला कचेरीचा वास येतो. आईसंबंधी तो वापरणारा मुलगा इंग्रजीतही थंडच वाटेल.

घाट बांधविला बायजाबाई शिंदे यांनी, १८३० च्या सुमारास. कागलच्या घाटग्यांची ही कन्या १८२७ साली दौलतरावांच्या निधनानंतर ग्वाल्हेरचा कारभार पाहू लागली, आणि ईस्ट इंडिया कंपनीने तिच्याकडून मोठी रक्कम कर्जाऊ घेतली. ते खरेखुरे ‘लोन’ : कागद, व्याज, हिशेब. असे कर्ज फिटते. त्यासाठी इंग्रजीत ‘सेटल’ असा नेमका शब्द आहे, आणि गंमत अशी की इमारतीचा पाया हळूहळू खाली बसतो त्यालाही इंग्रज स्थापत्यविशारद ‘सेटल’च म्हणतो. आख्यायिकेतील मुलाचे बोलणे आणि मंदिराचे वागणे, दोन्ही त्या एका शब्दात मावले असते. मराठीत फिटणे आणि खचणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बायजाबाईंचा घाटही स्वतःच्या भाराने खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला.  पूर ओसरला की रत्नेश्वराच्या गाभाऱ्यातील गाळ उपसावा लागतो.